चेंडूतली हवा

ओहोटी लागून चिंचणीच्या किनाऱ्यावरची वाळू घट्ट झाली, की पोरे स्टंप रोवतात आणि टेनिसच्या चेंडूने क्रिकेट सुरू होते. हे दृश्य डहाणूपासून वसईपर्यंत कुठेही दिसेल. विटी-दांडू आणि लगोरीइतकाच हा चेंडू आता खेड्यात रुळला आहे. 2024 साली तर ठाण्याच्या दादोजी कोंडदेव स्टेडियमवर टेनिस चेंडूच्या क्रिकेटची अखिल भारतीय स्पर्धा झाली. गंमत अशी, की ज्या खेळाचे नाव त्या चेंडूला आहे, तो खेळ मात्र आपल्या खेड्यांत फारसा पोचला नाही. चेंडू आला आणि टेनिस मागे राहिले.

असे का झाले, असा प्रश्न केला म्हणजे जागा, जाळी आणि रॅकेटची किंमत ही कारणे लगेच सांगितली जातात. ती खरीच आहेत. पण आणखी एक कारण त्या चेंडूच्या पोटातच दडलेले आहे. ते म्हणजे हवा. आजच्या भाषणात या हवेचा थोडासा इतिहास सांगायचा आहे. आणि एखाद्या शाळेने किंवा तालमीने मुलांच्या सरावासाठी चेंडू घ्यायचा झाला तर कोणता घ्यावा, याचे उत्तर या इतिहासात मिळते का, तेही पाहायचे आहे.

युरोपात राजेरजवाडे भिंतींच्या आत जे जुने टेनिस खेळत, त्याचा चेंडू भरीव असे. कापड, लोकर किंवा केस घट्ट गुंडाळून वरून कापड शिवायचे, की झाला चेंडू. आपल्याकडच्या चिंध्यांच्या चेंडूचाच हा श्रीमंत भाऊ म्हणा ना! दगडी फरशीवर तो उसळे. पण गवतावर टाकला, की गोणी आपटावी तसा जागच्या जागी बसे. म्हणून हिरवळीवरचे टेनिस निघायला रबराची वाट पाहावी लागली.

कच्चे रबर मोठे लहरी असते. उन्हाळ्यात ते चिकट होते, थंडीत ठिसूळ होते. चार्ल्स गुडइयर या अमेरिकन माणसाने 1839 साली रबरात गंधक मिसळून ते तापवले, आणि रबराला स्थिर स्वभाव आला. 1844 साली त्याने त्याचे पेटंट घेतले. आता पोकळ, हलका आणि गवतावरही उसळणारा चेंडू करता येऊ लागला. 1874 साली मेजर वॉल्टर विंगफील्ड याने इंग्लंडमध्ये आपल्या नव्या खेळाची पेटी विकायला काढली. जाळी, खांब, रॅकेटी आणि पोकळ रबरी चेंडू, असे सगळे साहित्य एका पेटीत. उघडा रबरी चेंडू ओल्या गवतावर घसरे, म्हणून जे. एम. हीथकोट या गृहस्थाने त्याला फ्लॅनेलचे अंगरखे घातले. आजच्या चेंडूवरची लव ती हीच. 1877 साली विंबल्डनची पहिली स्पर्धा झाली, आणि एका गुंडाळलेल्या चिंधीचा खेळ रबराचा खेळ होऊन बसला.

पण नुसत्या रबराच्या पोकळ गोळ्याला हवी तेवढी उसळी येईना. रबर जाड केले तर चेंडू जड आणि कडक होई. पातळ केले तर तो मेल्यासारखा पडे. तेव्हा कारखानदारांनी एक युक्ती केली. रबर पातळ ठेवायचे आणि आत बाहेरच्यापेक्षा जास्त दाबाची हवा कोंडायची. आजही असेच करतात. रबराच्या दोन वाट्या साच्यात काढतात, दाबाखाली एकमेकींना चिकटवतात आणि वर लव चढवतात. आपल्या चिंचणी-वरोर भागात दागिन्यांच्या डाया घडवणारे कारागीर आहेत. साच्यात केसाएवढा फरक पडला तर नगात काय होते, हे त्यांना सांगायला नको. दोन वाट्यांचा सांधा जरा चुकला, की चेंडू वाकडा उसळतो. 1900 साली डेव्हिस चषकाचा पहिला सामना अमेरिकेत झाला, तेव्हा इंग्रज खेळाडूंनी तिथल्या चेंडूंबद्दल पुष्कळ कुरकूर केली होती. चेंडू मऊ होते आणि त्यांचा गोलपणा बिघडत होता, असे त्यांचे म्हणणे होते.

आता या युक्तीतले वैगुण्य पाहा. जत्रेतून आणलेला फुगा दुसऱ्या दिवशी सकाळी सुरकुततो. सायकल नुसती भिंतीला टेकवून ठेवली तरी महिन्याभरात चाक मऊ पडते. भोक कुठेच नसते; पण हवा रबरातून हळूहळू झिरपते. टेनिसच्या चेंडूतही तेच होते. नव्या चेंडूत बाहेरच्यापेक्षा चौरस इंचाला सुमारे 12 पौंड जास्त दाब असतो, आणि तो दिवसरात्र बाहेर पडायला धडपडत असतो. फुटबॉलला निदान तोंड असते, पंप लावून हवा भरता येते. टेनिसच्या चेंडूला तोंडच नाही. गेलेली हवा गेली.

म्हणून 1926 च्या सुमारास अमेरिकेत चेंडू दाबाच्या हवेने भरलेल्या पत्र्याच्या डब्यांतून विकायला सुरुवात झाली. डब्यात बाहेरूनही तेवढाच दाब असला, म्हणजे आतली हवा बाहेर यायचे कारण उरत नाही. गोटी सोड्याची बाटली फोडताना जसा फुस्स आवाज होतो, तसाच आवाज हा डबा उघडताना होतो. त्या आवाजाबरोबर चेंडूचे आयुष्य मोजायला सुरुवात होते. दोन-चार आठवड्यांत, मग तो खेळला जावो वा फडताळात पडून राहो, त्याची उसळी कमी झालेली हाताला कळते. मोठ्या सामन्यांत एवढीही वाट पाहत नाहीत. विंबल्डनला पहिल्या 7 गेमनंतर आणि पुढे दर 9 गेमनंतर नवे चेंडू काढतात.

श्रोतेहो, आपल्या प्रश्नाची मेख इथे आहे. रॅकेट एकदा घेतली की काही वर्षे चालते. जाळी दुरुस्त करता येते. जमीन तर गावचीच असते. चेंडू मात्र दर महिन्याला पैसे मागतो, आणि ते पैसे बव्हंशी न दिसणाऱ्या हवेचे असतात. आपल्याकडे हा खेळ प्रथम जिमखान्यांत वाढला. मुंबईचा बॉम्बे जिमखाना 1875 चा, पुण्याचा डेक्कन जिमखाना 1906 चा. जिमखान्याला वर्गणीदार असतात, त्यांना दर महिन्याची हवा परवडते. जिल्हा परिषदेच्या शाळेला ती कशी परवडावी?

हाच प्रश्न एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जपानला पडला होता. तेथे टेनिस परदेशी शिक्षकांबरोबर आले. शाळांना ते आवडले. पण बोटीने येणारा विलायती चेंडू फार महाग पडे. जपानी शिक्षकांनी खेळ सोडला नाही, चेंडू बदलला. देशातच तयार झालेला साधा, मऊ, लव नसलेला पोकळ रबरी चेंडू त्यांनी घेतला आणि शाळाशाळांतून त्यावर टेनिस सुरू केले. हाच पुढे 'सॉफ्ट टेनिस' नावाचा स्वतंत्र खेळ झाला. आज भारतातही तो खेळला जातो. त्याच्या चेंडूला हवा भरण्यासाठी बारीक तोंड असते, हेही ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

मऊ चेंडूवर शिकलेल्या या मुलांचे पुढे काय झाले? इचिया कुमागाए हा त्यांतलाच एक. टोकियोच्या केइओ विद्यापीठाने 1913 साली लवेचा कडक चेंडू स्वीकारला, तोवर तो रबरी चेंडूनेच खेळत होता. 1920 साली अँटवर्प ऑलिंपिकमध्ये त्याने एकेरीत व दुहेरीत रौप्यपदक मिळवले. जपानची ती पहिलीच ऑलिंपिक पदके. दुसरा झेन्झो शिमिझु. तोही शाळेत मऊ चेंडूवर वाढला. पुढे मित्सुई कंपनीच्या नोकरीत तो कलकत्त्याला आला आणि कडक चेंडूचा सराव त्याने आपल्या देशातल्या हिरवळीवर केला. 1920 साली तो विंबल्डनच्या आव्हानवीरांच्या अंतिम सामन्यापर्यंत गेला आणि तिथे अमेरिकेच्या बिल टिल्डनकडून हरला.

1921 साली भारताने प्रथमच डेव्हिस चषकात भाग घेतला. महंमद सलीम, जेकब वगैरे मंडळींनी पॅरिसला जाऊन फ्रान्सला हरवले. केवढा पराक्रम! पण पुढची गाठ शिकागोला जपानशी पडली, आणि तिथे आपण हरलो. जपान तसाच पुढे ऑस्ट्रेलेशियाला नमवून अमेरिकेशी अखेरच्या लढतीला उभा राहिला. त्या लढतीत शिमिझुने खुद्द टिल्डनचे पहिले दोन सेट घेतले होते. शेवटी जपान हरला खरा. पण स्वस्त रबरी चेंडूवर वाढलेल्या दोन खेळाडूंनी जगातल्या पहिल्या दोन संघांत आपल्या देशाला नेऊन बसवले.

याचा अर्थ स्वस्त चेंडू चांगला, असा कोणी घेऊ नये. चेंडू हाताला वळण लावतो. मऊ चेंडूच्या खेळात पुढचा आणि मागचा, दोन्ही फटके रॅकेटच्या एकाच बाजूने मारायची सवय लागते. कडक चेंडूकडे वळताना त्या मुलांना पुष्कळ नव्याने घोटावे लागले. मग त्यांना फायदा कशाचा झाला? भरपूर मुलांना, भरपूर वेळ, भरपूर चेंडू मारायला मिळाले, याचा. माझ्या मते या सगळ्या इतिहासाचे सार एवढेच आहे.

आपल्याकडेही अशी वाट निघाली होती. तंजावरकडे बॉल बॅडमिंटन वाढले, त्याचा चेंडू लोकरीचा. त्यात हवा नाही, म्हणून जाण्याचा प्रश्नच नाही. महाराष्ट्रातल्या शाळांतूनही तो खेळ गेला. ज्या खेळाचे साहित्य गावात टिकते, तो खेळ गावात टिकतो.

आता आजच्या बाजारात या. आज शिक्षकापुढे तीन वाटा आहेत.

पहिली, डबाबंद दाबाचा चेंडू. सामना याच चेंडूने होतो, म्हणून सामन्याआधीचे काही दिवस सराव याच्यावर हवा. पण तीस मुले आणि एका डब्यातले तीन चेंडू, असा हिशेब झाला, की सत्तावीस मुले बघ्याच्या भूमिकेत राहतात.

दुसरी वाट बिनदाबाच्या चेंडूची. दुकानदार याला प्रेशरलेस म्हणतात. याच्या आत बाहेरच्याएवढीच हवा असते. नियमाप्रमाणे जास्तीचा दाब चौरस इंचाला 1 पौंडाच्या वर नसतो. उसळी येते ती जाड आणि चिवट रबराच्या अंगची. दाबच नाही, म्हणून झिरपणे नाही. पेटी उघडून सहा महिने ठेवली तरी चेंडू तसाच. उलट लव झिजत जाते तसतसा तो हलका होऊन थोडा जास्तच उसळू लागतो. दोष असा, की हाताला तो कडक आणि जड लागतो. तासन्‌तास जोरात मारत राहिल्यास कोपर धरण्याची भीती असते. तोल सांभाळणे, पाय हलवणे, सर्व्हिसची फेक, भिंतीवर किंवा टोपलीतून एकामागून एक मारण्याचा सराव, यांना मात्र हाच सोयीचा. दाबाच्या चेंडूंचे डबे पुन्हा पुन्हा आणण्यापेक्षा असे तीस-चाळीस चेंडू एकदाच घेणे शाळेला परवडते.

या चेंडूला नियमांतही मानाची जागा आहे. समुद्रसपाटीपासून 1219 मीटरच्या, म्हणजे 4000 फुटांच्या वर हवा विरळ असते आणि दाबाचा चेंडू फार उडतो. तेवढ्या उंचीवर, 60 दिवस तिथल्या हवेत ठेवलेला बिनदाबाचा चेंडू सामन्यालाही चालतो. आपले महाबळेश्वर त्या रेषेच्या वर आहे. आम्ही चिंचणीकर मात्र समुद्राला टेकून बसलेले, आम्हाला ती सवलत नाही!

तिसरी वाट, मेलेल्या चेंडूत पुन्हा जीव घालण्याची. तत्त्व सोपे आहे. चेंडूतून हवा जशी बाहेर झिरपते, तशी बाहेर जास्त दाब असला तर ती आतही झिरपेल. म्हणून चेंडू एका बंद नळकांड्यात ठेवतात, पंपाने आत दाब भरतात आणि तसेच काही दिवस राहू देतात. रोजच्या खेळानंतर चेंडू ताबडतोब अशा नळकांड्यात ठेवले, तर ते पुष्कळ जास्त दिवस ताजे राहतात. अगदी मेलेल्याला जागे करायला जास्त दाब आणि जास्त दिवस लागतात. पण लव गेली असेल, रबर थकले असेल किंवा सांधा सुटला असेल, तर यातून काही साधत नाही. आणि सुई टोचून हवा भरायला कोणी जाऊ नये. ज्या भोकातून हवा गेली त्याच भोकातून ती परत येते.

इथे शिक्षकांना हात जोडून एक सांगणे आहे. हे नळकांडे घरी पाण्याच्या प्लॅस्टिक पाइपचे बनवण्याचा मोह होतो. तसे करू नका. पाण्याचा पाइप दाबाच्या हवेसाठी केलेला नसतो. तो फुटला तर त्याचे तुकडे सुऱ्यासारखे उडतात. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत ज्यांनी कॉम्प्रेसरवर काम केले आहे, त्यांना विचारा. कोंडलेल्या हवेशी खेळ नको, असेच ते सांगतील. याच कामासाठी तयार केलेली भांडी बाजारात मिळतात, तीच घ्यावी. पंप मारण्याचे काम मोठ्या माणसाने करावे.

चेंडू जिवंत आहे की नाही, हे पाहायची परीक्षा शाळेतही करता येते. भिंतीवर 254 सेंटिमीटरवर, म्हणजे 100 इंचांवर खूण करा. तिथून चेंडू नुसता सोडा, ढकलू नका. खाली सिमेंटची जमीन हवी. नेहमीच्या मध्यम गतीच्या चेंडूने 135 ते 147 सेंटिमीटर उसळावे, असा नियम आहे. वजन 56 ते 59.4 ग्रॅम असावे. सातवी-आठवीच्या मुलांकडून हा प्रयोग करून घ्या, दर आठवड्याचा आकडा वहीत लिहायला सांगा आणि आलेख काढा. दाबाचा चेंडू, बिनदाबाचा चेंडू आणि पुन्हा हवा भरलेला चेंडू, तिघांच्या तीन रेषा दिसतील. खेळाचा तासही होईल आणि विज्ञानाचाही. किनाऱ्यावरच्या शाळांनी चेंडू कोरड्या डब्यात ठेवावेत. खारी दमट हवा लवेत शिरली, की चेंडू जड होतो आणि आकडे फसवे येतात.

अगदी लहान मुलांची गोष्ट वेगळी. 2012 पासून आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या नियमाने दहा वर्षांखालील स्पर्धांत नेहमीचा चेंडू चालत नाही. लाल, केशरी आणि हिरव्या खुणेचे, कमी वेगाचे चेंडू वापरावे लागतात. लाल सर्वांत सावकाश, हिरवा नेहमीच्या चेंडूच्या जवळचा. म्हणजे शतकापूर्वी जपानने गरिबीपोटी जे केले, तेच जग आता मुलांच्या हितासाठी करते आहे. पहिली ते चौथीच्या मुलांच्या हाती कडक चेंडू न देता हेच द्यावेत.

तेव्हा माझा हिशेब असा. लहानांना सावकाश चेंडू. मोठ्यांच्या रोजच्या सरावाला टोपलीभर बिनदाबाचे. सामना जवळ आला, की दाबाचे दोन-तीन डबे, आणि ते टिकवायला जमल्यास एक चांगले भांडे. जी शाळा आधी डबे आणते आणि मग मुले मोजते, तिच्याकडे खेळ चार मुलांपुरता राहतो. आधी मुले मोजावीत आणि मग चेंडू निवडावेत.

मोठ्या शहरातच खेळाडू निपजतात, असे नाही. सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीची प्रार्थना ठोंबरे 2014 साली इंचॉन येथील आशियाई खेळांत सानिया मिर्झाबरोबर दुहेरीत कांस्यपदक जिंकून आली, आणि 2016 साली रिओ ऑलिंपिकमध्ये खेळली. असे आणखी किती हात आपल्या वाड्यापाड्यांतून असतील, हे त्यांच्या हाती रॅकेट आणि चेंडू पडल्याशिवाय कळायचे कसे? वाळूवर त्याच चेंडूने षटकार मारणारी पोरे तर आपल्यापाशी आहेतच. जवळ एक भिंत असली आणि तिच्यावर जाळीच्या उंचीची एक खडूची रेघ मारली, म्हणजे सुरुवातीपुरते मैदान तयार आहे.